घाट वर्षातून तीनदा, घोडबंदर रोज

‘ताई, नमस्कार. मी कासारवडवलीला राहतो, ऑफिस ऐरोलीला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला गाडी नेतो, बाकी दिवस बायको मुलीच्या क्लासला आणि बाजाराला तीच वापरते. वर्षाला नऊ-दहा हजार किलोमीटर होतात. गणपती, शिमगा आणि मे महिना असं तीनदा आई-बाबांना घेऊन आम्ही पाच जण सामानासकट देवरुखजवळच्या गावी जातो. बारा वर्षांची हॅचबॅक आता काढायची आहे. मेहुणा खारघरला असतो, दर आठवड्याला साताऱ्याला जातो. त्याने गेल्या वर्षी टर्बो पेट्रोल घेतली. तो म्हणतो, साधं इंजिन घेऊन घाटात रडत बसू नका. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, टर्बो म्हणजे एक जास्तीचा पार्ट, आणि जास्तीचा पार्ट म्हणजे जास्तीचा खर्च. त्यात क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा दुखतो, म्हणून ऑटोमॅटिक बघतोय. शोरूमवाला म्हणतो, चांगली ऑटोमॅटिक हवी तर टर्बोच घ्यावी लागेल. काय करू?
— गोंधळलेला, कासारवडवली’

नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा प्रश्न इंजिनाचा वाटला, दुसऱ्यांदा तुमच्या गुडघ्यापाशी थांबले. त्याकडे येतेच, पण ताटकळत ठेवत नाही: तुमच्या घराला टर्बो नको. साधं इंजिन घ्या, शोरूममध्ये ज्याला नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड किंवा नुसतं ‘एनए’ म्हणतात ते. मेहुण्याने त्याच्यापुरतं बरोबरच केलं आहे, आणि बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कुठलं अर्धं, ते सांगते.

साध्या इंजिनात पिस्टन खाली येताना जेवढी हवा आपणहून ओढेल तेवढीच आत येते. टर्बो म्हणजे लोहाराचा भाता. सायलेन्सरकडे निघालेला जळका वायू एक छोटी चक्री फिरवतो, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाची चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन दीड लिटरच्या इंजिनासारखं ओढतं. कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत, ट्रकांत आणि एसटीतही टर्बो कित्येक वर्षं आहे.

छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याची गर्दी झाली ती अलीकडे, आणि त्यात कराचा मोठा वाटा आहे. चार मीटरच्या आतली गाडी आणि 1200 सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी, हा हिशेब जीएसटीच्या आधीपासूनचा. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाडीवर 18 टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्या पेट्रोल गाडीवर 40. इंजिन मोठं करायची सोय नाही आणि ताकद तर हवी, मग कंपन्या भाता लावणारच. शिवाय एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस-सिक्स नियम आल्यावर छोटी डिझेल इंजिनं एकेक करून बंद झाली. डिझेलच्या ओढीची सवय लागलेला माणूस तेव्हापासून टर्बो पेट्रोलकडे वळला.

आता ओढीबद्दल. मारुतीच्या फ्रॉन्क्समध्ये दोन्ही इंजिनं मिळतात, म्हणून तिचंच उदाहरण घेते. साधं 1.2 लिटरचं इंजिन 90 पीएस (म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच), टर्बो 1.0 लिटरचं 100 पीएस. शोरूमवाला हाच आकडा सांगतो आणि फरक मामुली वाटतो. टॉर्कचा, म्हणजे ओढीचा, आकडा बघा. साध्याचा 113 न्यूटन-मीटर, तोही इंजिन 4400 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, गेल्यावर. टर्बोचा 147.6, आणि तो 2000 पासून 4500 पर्यंत एकसारखा. मेहुणा ज्या सुखाबद्दल बोलतो ते हेच आहे. गिअर न बदलता, इंजिन न ओरडता गाडी पुढे जाते.

पण साध्या इंजिनाला घाटात दम नसतो, हे मला मान्य नाही. दम असतो, आपण तो काढू देत नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी आपल्याला दोन हजारावर गिअर बदलायला शिकवलेलं असतं. त्यापुढे काटा गेला की शेजारी बसलेलं माणूस म्हणतं, ‘अहो, गाडी ओरडतेय, गिअर टाका.’ ज्या इंजिनाची खरी ओढ 4400 ला आहे ते आपण आयुष्यभर दोन हजारावर चालवतो आणि मग म्हणतो की पिकअप नाही. परशुराम घाटात दुसऱ्या गिअरला साडेतीन-चार हजारावर इंजिन राहू द्या. आवाज होईल. त्या आवाजाने इंजिनाचं काही बिघडत नाही, ते त्यासाठीच बनवलेलं आहे. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गाडी शांतपणे चढते.

माझं आजोळ तुमच्याच संगमेश्वर तालुक्यात आहे, त्यामुळे हायवेचा घाट सोडून जो खरा चढ असतो तो मला माहीत आहे. डांबरी रस्ता सुटतो, साकव येतो, साकवावर गाडी जवळजवळ थांबते, लगेच डावीकडे वळण आणि वळणातच वाडीवर जाणारा चढ. दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा, गणपतीत सगळ्यावर शेवाळ. त्या वळणात टर्बो गाडी दुसऱ्या गिअरला ठेवली तर इंजिन हजार-बाराशेवर उतरतं. तिथे टर्बोत दाब नसतो. तेव्हा ते फक्त एक लिटरचं लहान इंजिन असतं, आणि त्याचं कॉम्प्रेशनही, म्हणजे पेटण्याआधी हवा दाबण्याचं प्रमाणही, सहसा साध्या इंजिनापेक्षा कमी ठेवलेलं असतं. गाडी बसते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता, क्षणभर काही होत नाही, आणि मग सगळी ओढ एकदम येऊन पुढची चाकं शेवाळावर गरागरा फिरतात. माझ्या मामेभावाची गाडी अशीच मागे सरकत गडग्याला टेकली होती. पहिला गिअर आधीच टाकला असता तर दोन्ही इंजिनं नीट चढली असती, पण साध्या इंजिनाची ओढ पायाबरोबर हळूहळू वाढते. ओल्या चढावर मला तेच हवंसं वाटतं.

हे झाले वर्षातले तीन प्रवास. बाकीचे दिवस गाडी कुठे असते? मानपाड्यापासून माजिवड्यापर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा. पुढे मुलुंडमार्गे ऐरोलीच्या पुलापर्यंत जरा मोकळं, की परत रांग. मेट्रोची कामं सुरू झाल्यापासून घोडबंदर रोडवर सकाळी तिसरा गिअर किती वेळा पडतो, हे तुम्हीच मोजून बघा. त्या रांगेत टर्बोचा भाता जवळजवळ वापरातच येत नाही. त्याचे पैसे दिलेले असतात, उष्णता सोसावी लागते, फायदा मात्र मिळत नाही. आणि ऑफिस नसेल त्या दिवशी मुलीच्या क्लासच्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन पुरतं तापायच्या आत गाडी बंद, तासाभराने परत सुरू. थंड इंजिनात थोडं पेट्रोल न जळता पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. लांब पल्ला झाला की ते उडून जातं, छोट्या फेऱ्यांत साचत राहतं. बऱ्याच टर्बो इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारलं जातं, त्यामुळे त्यांच्यात हे जास्त होतं. पातळ ऑइल साधं इंजिन बराच काळ सोसतं. टर्बो सोसत नाही, कारण त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेत असतो. घरचा मिक्सर वीसेक हजारावर फिरतो, त्यावरून अंदाज करा.

हे ऐकीव नाही. आमच्याकडे नेरूळला सहा वर्षं टर्बो पेट्रोल होती. वापर तुमच्यासारखाच: वाशीचं ऑफिस, मुलाची शाळा, सीवूड्सचा बाजार. वर्षाला सात हजार किलोमीटरही होत नसत. पुस्तिकेत ऑइल बदलायचं ते दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा. आम्ही नुसतं दहा हजार लक्षात ठेवलं, आणि एकदा तेच ऑइल सतरा महिने राहिलं. शेवटी ज्या वर्कशॉपमध्ये गाडी दिली तिथे पुस्तिकेतलं ऑइल न घालता बॅरलमधलं कुठलंतरी घातलं गेलं. ते बिलावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. पुढच्या मे महिन्यात पुण्याला जाताना खोपोलीच्या पुढे चढ लागला आणि बोनेटमधून एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, लांबून रुग्णवाहिका येत असावी तशी. मग आरशात निळसर धूर, आणि गाडीतलं बळच गेलं.

टोइंग करून गाडी तुर्भ्याला आणली. मेकॅनिकने इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, पाइप सोडवला तर आतून काळं ऑइल त्याच्या तळहातावर ओघळलं. हवेच्या पाइपात ऑइलचं काही काम नसतं. मग त्याने चक्रीच्या मधला नट चिमटीत धरून हलवला. चक्री इकडून तिकडे डुगडुगली. ‘ताई, एवढी हलायला नको,’ तो म्हणाला आणि बॅटरीचा प्रकाश पाडला. पात्यांची टोकं आतल्या भिंतीला घासून चांदीसारखी चकचकीत झाली होती. त्या महिन्याचा माझा पगार टर्बोतच गेला. तेव्हापासून ऑइलची तारीख मी कॅलेंडरवर गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहिते.

बाबा बरोबर आहेत ते इथे. टर्बो हा निगा मागणारा पार्ट आहे, आणि निगा चुकली की तो खर्चात पाडतो. पण टर्बो टिकतच नाही, असं त्यांना म्हणायचं असेल तर त्यांनीच सांभाळलेल्या बस आठवायला सांगा. त्या टर्बोवर लाखो किलोमीटर धावतात. दिवसभर गरम इंजिन, लांब पल्ला, ठरलेल्या दिवशी डेपोत ऑइल. टर्बोला हवं असतं ते आयुष्य हेच. ते तुमच्या गाडीला मिळणार नाही, म्हणून मी नको म्हणते.

अ‍ॅव्हरेजवर मी मुद्दामच फार बोलले नाही. मॅन्युअल गिअरच्या फ्रॉन्क्समध्ये दोन्ही इंजिनांचे अधिकृत आकडे जवळजवळ सारखे आहेत, 21.79 आणि 21.5. गर्दीत दोन्ही बरेच खाली येतात, टर्बो थोडी जास्त, कारण पाय जड झाला की तीही तितकंच पेट्रोल मागते. समजा एकीने लिटरला 12 दिले आणि दुसरीने 11. वर्षाच्या दहा हजार किलोमीटरला फरक पडतो साधारण 76 लिटरचा, म्हणजे आजच्या दराने आठ हजारांच्या आसपास. तेवढ्यावरून गाडी ठरवू नका. ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमुळे जे अ‍ॅव्हरेज पडतं ते दोघांचंही पडतं.

आता गुडघा. शोरूमवाल्याने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही, फक्त त्याच्या शोरूमपुरतं सांगितलं. गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच येतात, आणि पुष्कळदा चांगली ऑटोमॅटिक टर्बोच्या गळ्यात बांधलेली असते. फ्रॉन्क्समध्येच बघा, साध्या 1.2 ला एएमटी आणि टर्बोला सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर. एएमटी म्हणजे आपलाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम तेवढं यंत्र करतं. स्वस्त पडते, अ‍ॅव्हरेज चांगलं देते, पण गिअर बदलताना मान हलते, आणि चढावरच्या रांगेत तिच्या क्लचवर ताण येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचऐवजी तेलातून ओढ पुढे जाते, म्हणून ती रांगेत लोण्यासारखी चालते. तुमचा प्रश्न ‘टर्बो की साधं’ असा दिसत असला तरी तुम्हाला हवी आहे ती गुळगुळीत ऑटोमॅटिक, आणि ती साध्या इंजिनाबरोबरही मिळते. होंडाच्या अमेझमध्ये चार सिलिंडरचं साधं 1.2 इंजिन आणि सीव्हीटी आहे, ह्युंदाईच्या आय-20 मध्येही साध्या 1.2 ला तशीच ऑटोमॅटिक मिळते. दोन्ही चार मीटरच्या आत. सीव्हीटीत गिअरच नसतात, पट्टा पुलीवर मागेपुढे सरकतो, त्यामुळे रांगेत धक्का बसत नाही. जोरात दाबलं की इंजिन आधी ओरडतं आणि गाडी जरा मागून येते, एवढी एक गोष्ट अंगवळणी पाडावी लागते. अमेझची डिकी 416 लिटरची आहे. पाच माणसांचं गणपतीचं सामान, येताना तांदळाचं पोतं आणि आईने बांधून दिलेले नारळ, यांचा विचार केला तर मी आधी तीच बघेन. एसयूव्हीचा उंचपणा मिळणार नाही, आणि आई-बाबांना उठा-बसायला उंच सीट सोपी जाते, हा मुद्दा खरा आहे. त्यांना प्रत्यक्ष बसवून बघा.

मेहुण्याचं गणित वेगळं, म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. दर आठवड्याला खंडाळ्याचा घाट, खंबाटकीचा घाट, मध्ये नव्वद-शंभरचा वेग आणि ट्रकांना मागे टाकणं. इंजिन तासन् तास गरम, ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल दर शनिवारी उडून जातं. शिवाय सातारा उंचावर आहे. उंची वाढली की हवा विरळ होते, आणि साध्या इंजिनाची ताकद हजार मीटरला साधारण दहाव्या हिश्श्याने घटते. टर्बो विरळ हवाही दाबून आत घेते, तिला हे फारसं जाणवत नाही. त्याने मला विचारलं असतं तर मी टर्बोच सांगितली असती. तुमचं देवरुख कोकणात, तिथे उंचीचा प्रश्न येत नाही.

एवढं सांगूनही टर्बो चालवून बघितल्यावर तुमचा जीव तिच्यावर बसू शकतो. बसला तर घ्या, मी रागावणार नाही, पण तिला तिच्या पद्धतीने ठेवा. ऑइल किलोमीटरवर न बदलता महिन्यांवर बदला. तुमच्या वापराला वर्ष हे शेवटचं टोक समजा, नऊ महिन्यांनी बदललंत तर उत्तम. पुस्तिकेत जो ग्रेड असेल तोच, डब्यावर ‘एपीआय एसपी’ लिहिलेलं, आणि डबा तुमच्या डोळ्यांदेखत फोडायला सांगा. ही एसपी श्रेणी 2020 मध्ये आली, आणि छोट्या टर्बो इंजिनांचं एक जुनं दुखणं आटोक्यात ठेवणं हा तिचा एक हेतू आहे. वरच्या गिअरला, कमी आरपीएमवर, एकदम दाबलं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनवर घण बसतो. म्हणून चौथ्या गिअरला तीसच्या वेगाने घुरघुरत चढ चढू नका, गिअर खाली टाका. ऑटोमॅटिक हे काम बरंचसं स्वतःच करते, मॅन्युअलमध्ये ते तुमच्यावर आहे. महिन्यातून एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून वास घ्या. पेट्रोलचा उग्र वास आला किंवा पातळी आपोआप वर गेलेली दिसली तर ऑइल लगेच बदला. आणि घाट चढून थेट हॉटेलच्या दारात थांबलात तर चावी फिरवण्याआधी मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोतलं ऑइल तिथेच करपत नाही. बाबांना हे सांगावं लागणार नाही, त्यांनी ते ड्रायव्हर लोकांना हजारदा सांगितलेलं असेल.

टेस्ट ड्राइव्ह मात्र शोरूमवाल्याच्या मर्जीने घेऊ नका. तो तुम्हाला एकट्याला सपाट सर्व्हिस रोडवर दहा मिनिटं फिरवून आणेल, आणि तिथे टर्बो नेहमीच जिंकते. रविवारी सकाळी घरचे पाचही जण बसा, एसी पूर्ण, आणि गायमुखच्या चढावर न्या, तुमच्या घरापासून जवळच आहे. चढाच्या मध्येच सुरक्षित जागा बघून थांबा आणि परत निघा. मागे सरकते का, धक्का देते का, इंजिन किती ओरडतं आणि ते आईला किती त्रासाचं वाटतं, हे सगळं तिथे कळेल. मग तीच गाडी एखाद्या दिवशी सकाळी साडेनऊला मानपाड्याच्या रांगेत मागा. कुरकुर करतील, पण गाडी विकायची असते, देतात. दोन्ही वेळा वहिनींनाही अर्धा वेळ चालवू द्या. आठवड्यातले जास्त दिवस गाडी त्यांच्याच हातात असणार आहे, आणि पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही.

बाबांना पुढच्या सीटवर बसवा. गणपतीआधी गाडी आली तर टाकी ते टाकी मोजलेलं पहिल्या हजार किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज मला कळवा, आणि साकवापुढचा चढ कशी चढली तेही.